लॉरीन टॅकेटचं माप

लॉरीन टॅकेटच्या टायरच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की स्वतःच्या गाडीची फुशारकी मारायची त्याला सोयच नसे. इंजिन किती ताकदीचं, कोणी बांधलं, हे ऐकण्यात तिला काडीचा रस नव्हता. ती सरळ गाडीच्या मागे जाऊन उकिडवी बसायची, जुन्या टायरवरून तळहात फिरवायची आणि विचारायची, "खाणीवर ह्याच गाडीने जातोस का? पावसातसुद्धा? बरं, गाडीचं वजन किती? आणि तुझं?"

शेवटच्या प्रश्नाला भलेभले खोटं बोलत. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही खोड पूर्व केंटकीच्या डोंगरांत घरोघर आहे. सोमवार ते शुक्रवार खाणीवर जायचं आणि त्याच गाडीने शनिवारी लॉरेल फोर्कच्या सरळ पट्टीवर पाव मैल शर्यत मारायची, हाही तिथला घरोघरचा नाद. आणि ह्या नादासाठी रिम-टायर निवडायचे तर लॉरीनलाच विचारायचं, हे चाळीस वर्षं ठरलेलं होतं.

पोरं यायची ती मोठ्या चकचकीत रिमांची चित्रं खिशात घेऊन. लॉरीन चित्र नीट बघायची, परत द्यायची आणि म्हणायची, "बाळा, तुला पळायचंय की रविवारी चर्चसमोर गाडी लावायचीय?" तिचं गणित साधं होतं. रिम लहान, टायर उंच आणि मऊ. गाडी सुटताना टायरच्या बाजूला सुरकुत्या पडल्या पाहिजेत, तरच रबर जमीन धरतं. उगाच रुंद टायर घातलास तर गाडीला नुसता भार, आणि पावसात घरी जाताना पाण्यावर तरंगशील ते वेगळं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण माणसं पैशाला लावतात, लॉरीन टायरला लावायची.

हवा किती भरायची हे ती कागदावर बघून सांगत नसे. टायरवर खडूची आडवी रेघ ओढायची, गाडी वीस पावलं ढकलायला लावायची आणि खडू कुठे पुसला, कुठे राहिला ते बघून हवा कमी-जास्त करायची. मापाच्या बाबतीत तर ती महाहट्टी. रिम किती आत बसेल, किती बाहेर येईल, हे ठरवायचं तर टाकी भरलेली हवी आणि चालवणारा स्वतः आपल्या जागी बसलेला हवा. मगच ती टायर आणि चाकावरच्या पत्र्याच्या कडेमध्ये बोट घालून बघायची. ह्या नियमापायी तिने बड्या बड्या माणसांना परत पाठवलं होतं. एकदा तर दिसायला बरा असलेला एक पाद्रीही.

तो नियम तिने मोडला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, लॉनी कॉडिलच्या मालिबू गाडीसाठी. लॉनी त्या आठवड्यात खाणीत दुहेरी पाळी करत होता, म्हणून गाडी घेऊन त्याची बायको रेनिटा आली, चाळीस मैलांवरून. शर्यत शनिवारी. रिम येऊन पडलेले. चिठ्ठीवर लॉनीने स्वतःचं वजन लिहिलं होतं दोनशे वीस पौंड. रेनिटा म्हणजे वाळकी काटकी. लॉरीनने तिलाच बसवलं, चिठ्ठीतलं वरचं वजन मनात धरलं आणि बोट घातलं. जागा होती. "चालेल," ती म्हणाली.

लॉनीला ती लहानपणापासून ओळखत होती. तो दोनशे नव्वदच्या खाली नाही, हे तिच्या डोळ्यांना ठाऊक होतं. पण बाई चाळीस मैल आलीय, परत कुठे पाठवायची, असं तिला वाटलं. एवढंच.

शनिवारी लॉनी सुटला तो थांबेचना. आठ वर्षं हा माणूस शर्यत मारत होता आणि तिसऱ्या फेरीपुढे कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो एकेक गडी मागे टाकत गेला आणि दुपारी चारला अंतिम फेरीत उभा राहिला, वेस प्रॅटरच्या विरुद्ध. लोक तळलेल्या बोलोना सॉसेजचं सँडविच हातात घेऊन गाडीभोवती जमले आणि लॉनीइतकंच लॉरीनचं नाव घेऊ लागले. "म्हातारीने टायर दिलेत," कोणीतरी म्हणालं. लॉरीनला ते ऐकून बरं वाटलं, आणि का वाटू नये?

अंतिम फेरीच्या आधी गाडीच्या पत्र्याच्या कडेवरून आतून बोट फिरवायची तिची सवय होती. डाव्या मागच्या बाजूला तिचं बोट रबराने काळं झालं. ती गुडघ्यांवर बसली. टायरच्या खांद्यावर एक ओरखडा होता, नखाने काढावा तसा. तिने अंगठ्याने दाबलं आणि तो ओठांसारखा उघडला.

तिच्या लगेच लक्षात आलं. चालवणाऱ्याची जागा डावीकडे, तिथे लॉनीच्या वजनाने गाडी खाली बसत होती, आणि सुटताना मागचं अंग दबलं की पत्रा टायर कापत होता.

ती तशीच बसून राहिली. एकच फेरी उरली होती, अकरा-बारा सेकंदांची. कदाचित टायर टिकलाही असता. न टिकला तर लॉनी ताशी एकशेवीस मैलांवर असणार होता. आणि बोलावं तर चाळीस वर्षांचं नाव ह्या गर्दीसमोर मातीत. तिला भीती वाटली. कशाची जास्त, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

"लॉनी, टायर कापलाय," ती उठून म्हणाली. "ही फेरी मारू नकोस."

लॉनी शिरस्त्राण घालत होता. त्याने वाकून पाहिलं. "एवढासा? दगड लागला असेल, मिस लॉरीन. एका फेरीत काय होतंय?"

"बदलून टाका की!" रेनिटा म्हणाली.

पण ते जमणार नव्हतं. रस्त्यावरच्या गाड्यांचा हा गट, ज्या टायरवर घरून आलात त्याच टायरवर शेवटपर्यंत पळायचं. सकाळीच पंचाने प्रत्येक टायरवर पिवळ्या रंगाचा ठिपका लावला होता. वेस प्रॅटर स्वतः पंचाकडे जाऊन म्हणाला, "बदलू दे त्याला, माझी हरकत नाही." पंचाने मान हलवली. नियम सगळ्यांना सारखा.

"मग मी असाच पळतो," लॉनी म्हणाला. "आठ वर्षं वाट बघितलीय. दगडाच्या ओरखड्याला भिऊन घरी जाऊ?" आणि तो दारात पाय घालू लागला.

लॉरीनने दार धरलं.

"दगड नाही लागला," ती म्हणाली, आणि आवाज बारीक करायचा तिने प्रयत्न केला नाही. "माझं माप चुकलंय. तू आला नव्हतास, मी रेनिटाला बसवून माप घेतलं. दर वेळी सुटताना पत्रा टायर कापतोय. आता सुटलास की आणखी खोल कापेल. चूक माझी आहे, लॉनी. उतर."

लॉनीचं तोंड लालबुंद झालं.

"तुमची चूक? आणि ती आत्ता सांगताय? अंतिम फेरीला?"

"आत्ताच दिसली."

"चाळीस वर्षं लोकांना हाकलून देत होतात मापासाठी, आणि नेमकं माझ्या वेळी..." त्याने शिरस्त्राण सीटवर आपटलं. पण तो उतरला.

वेस एकटाच पळाला आणि जिंकला. टाळ्या थोड्याच वाजल्या.

लॉनीने रागारागात जॅक लावला, चाक काढलं आणि आडवं टाकलं. मग त्याने त्या फटीत बोट घातलं. बोट नखभर आत गेलं. आतले धागे तुटून बाहेर आले होते. त्याने रेनिटाचा हात धरला आणि तिचंही बोट तिथे टेकवलं. रेनिटाने हात झटकन मागे घेतला आणि ती रडायला लागली.

लॉनी चाकाशेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला काही कळलं नसतं, मिस लॉरीन. सांगायला मी उरलोच नसतो."

लॉरीनने ते चाक उचलून उभं केलं.

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "ह्या खेपेला स्वतः ये. आणि पोटभर जेवून ये."