दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे बघा, सांगतानाही सोय बघूनच सांगतोय.

गोंदियात मी एका शाळेत संगीत शिकवतो. माझी ही नोकरी कायम झाली, गॅदरिंगला पाहुणा म्हणून बोलावणी येऊ लागली, ती एका गाण्यामुळे. जुन्या कॅसेटवरच्या गाण्यामुळे. लोक म्हणतात, सर, तुमचा तरुणपणीचा काय आवाज होता! मी हसतो.

नव्याण्णव साली आम्ही तिघं होतो. मी गिटारवर, रमेश नावाचा एक मित्र ड्रमवर, आणि गाणारा धनराज. माझ्या काकांची राइस मिल तेव्हा बंद होती. तिच्या गोदामात आमचा सराव चालायचा, भर दुपारी, पत्र्याखाली घामानं निथळत. मागून छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, जायची. बालाघाटच्या गाडीनं शिट्टी मारली की धनराज गाता गाता थांबायचा नाही, उलट तिच्यावर आवाज चढवायचा.

तो चोरखमारा तलावाकडच्या एका खेड्यातला. घरून सायकलनं तिरोड्यापर्यंत, तिथून पॅसेंजरनं कॉलेजात. त्यांची एकच बांधी, म्हणजे धानाचं बारकं शेत, कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. पाणी तिथवर पोचायच्या आत वरच्या वर अडवलं जायचं. त्यावर त्यानं गाणं लिहिलं, आपल्या झाडीबोलीत. ‘काऊन येऊन नाही राहिला पानी?’ — शेवटी हे एकच वाक्य तो घसा फाटेपर्यंत ओरडायचा. वरच्या बांध्या कोणाच्या होत्या? आमच्या. माझ्या आजोबांच्या, चुलत्यांच्या. हे त्यानं मला तोंडावर कधी म्हटलं नाही. गाण्यात म्हटलं — आणि त्याला गिटारची साथ मी दिली.

गाणं आम्ही साध्या डेकवर भरलं. त्याची एक कॉपी मी नागपूरच्या एका ओळखीच्याला ऐकायला दिली होती. वर्षाच्या आत ते एका चोरट्या कॅसेटवर आलं. नागपूर, जबलपूर, रायपूरच्या कॉलेजांत वाजलेली रॉक गाणी कोणीतरी न विचारता एकत्र करून विकायला काढली होती. झेरॉक्सचं कव्हर, कोणाचंच नाव नाही. दुसऱ्या बाजूला चौथं गाणं आमचं. धनराजला दाखवली तर पोट धरून हसला. ‘आपली बी चोरी झाली बे!’ म्हणाला. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नाही.

मग आम्ही पांगलो. रमेश दूर निघून गेला, त्याचा पत्ताच लागला नाही. धनराज लग्न करून रायपूरच्या कारखान्यात लागला. गिटार माझ्याकडे राहिली.

दोन हजार नऊ साली पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना जुन्या चोरट्या कॅसेटींचा नाद होता. कुठलं गाणं कुठे वाजलं, कोणी गायलं, हे शोधून ते इंटरनेटवर लिहायचे. आमच्या कॅसेटवरची बाकी सगळी गाणी त्यांना सापडली होती, हे एकच अडलं होतं. बोलीवरून त्यांनी भंडारा-गोंदिया ताडलं. गिटारच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते, ती छोट्या लाइनच्या इंजिनाची, म्हणून गोंदिया शहर. मग कॉलेजात चौकशी करत करत माझ्यापर्यंत. कॉपी करताना गाणं किंचित वेगानं वाजलं आहे, म्हणून आवाज मूळच्यापेक्षा पातळ आणि उंच येतो, हेही त्यांनीच मला समजावलं. केवढी मेहनत! एका अनोळखी आवाजासाठी.

आणि त्यांनी विचारलं, गायलंय कोणी?

मी म्हणालो, मी.

विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता का? त्यांनी पुढे विचारलं, शब्द कोणाचे? तेव्हा तर विचार करायला वेळ होता. म्हणालो, माझेच.

त्यांनी मूळ कॅसेट मागितली. ती माझ्याकडे होती, पेटीत. काढून लावली. गाण्याच्या आधी धनराज बोलतो — ‘चालू झाला का रे? बोलू का आता?’ त्याच्या खऱ्या आवाजात, खऱ्या वेगात. मग मी म्हणतो, ‘गा आता, मुकाट.’ दोघं हसतो. ते ऐकलं आणि मला कळलं, ही कॅसेट बाहेर गेली तर एका मिनिटात सगळं उघडं पडेल. मी तिच्यावर शाळेतल्या मुलींची प्रार्थना भरली. दोन्ही बाजूंनी. पुण्याला कळवलं, कॅसेटला बुरशी लागली.

इंटरनेटवर माझं नाव आलं, मग इथल्या पेपरातही छापून आलं. कोणी शंका घेतली नाही. का घेतील? आमच्या घराण्याला सगळे ओळखतात.

धनराजला कळलं तीन वर्षांनी. सुट्टीत आला होता, शाळेच्या कार्यक्रमाला मागे उभा राहिला. निवेदकानं माझी ओळख करून दिली, गाणं वाजवलं, टाळ्या पडल्या. संपल्यावर तो जवळ आला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मस्त गायला बे तू.’ आणि गेला. पुन्हा कधी आला नाही. मीही त्याला फोन केला नाही.

काविळीनं तो गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्याची मुलगी प्रज्ञा मला भेटायला आली. बापाचा आवाज कुठेच नव्हता तिच्याकडे. त्याचा फोन कारखान्यात हरवला होता. तिनं कुठूनसं ऐकलं होतं की बाबा कॉलेजात गायचे. ‘काका, तुमच्याजवळ काही असेल काय? गाणं नसलं तरी चालते, नुसतं बोललेलं.’

नुसतं बोललेलं.

मी म्हणालो, नाही बेटा, त्या काळी कुठे काय भरून ठेवायचो आम्ही. तिनं मान हलवली. म्हणाली, मग बाबांच्या पुण्यानुमोदनाला तुमचंच गाणं लावू, बाबा त्याच्यात होते ना? मी म्हणालो, होता. टाळ्या वाजवायला.

आता तो दिवस सांगायचा आहे. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत होतो ते त्याच्यासाठीच.

त्यांच्या गावी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे धनराजच्या स्मृतीचा, कार्यक्रम होता. सकाळची वेळ. अंगणात मंडप, टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी धनराजचा फोटो. पांढऱ्या लुगड्यात त्याची आई पुढे सतरंजीवर बसलेली. तिला डोळ्यांनी दिसायचं बंद झालं होतं. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले. मग प्रज्ञानं माइकवरून माझं नाव घेतलं आणि मोबाइल स्पीकरला जोडून गाणं लावलं.

पहिली ओळ झाली न झाली, म्हातारी ताठ झाली.

‘हा त माया धनू होय!’

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला. ‘माया धनू होय हा! कायले चूप करता मले?’ दोन्ही हात पुढे करून ती स्पीकरच्या दिशेनं सरकू लागली, बसल्या बसल्या. वेगानं भरलेली कॅसेट, पातळ झालेला आवाज, तिसऱ्या-चौथ्या कॉपीवरून आलेला — पुण्याच्या माणसाला ओळखता आला नाही, गावाला आला नाही, पोटच्या पोरीला आला नाही. तिला एका ओळीत आला.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पुढे गेलो. तिच्यासमोर बसलो, तिचे हात हातात घेतले. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला अजून आठवतं — माझी नोकरी नाही, घराणं नाही. एवढंच होतं की इतक्या लोकांत उठून कसं सांगायचं.

म्हणालो, ‘नाही माय. मी होय. मी गायलो ते.’

तिनं माझे हात चाचपले. माझ्या आवाजाच्या रोखानं मान वळवली. मग म्हणाली, ‘असंल बाप्पा. मले भास झाला असंल.’ आणि हात सोडवून घेतले.

प्रज्ञानं गाणं बंद केलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘सॉरी काका. आजीचं मनावर घेऊ नका.’

मी म्हणालो, चालायचंच.

मग पंगत बसली. मी जेवलो. प्रज्ञानं स्वतः वाढलं.

म्हातारी त्यानंतर वर्षभर होती. त्या वर्षात शाळेच्या कामानं मी तिरोड्याकडे कितीदा गेलो असेन. त्यांच्या गावचा फाटा वाटेतच लागतो. एकदाही वळलो नाही.