जिन्याचे पैसे

किंमत सांगून झाली की अक्का बोलणं बंद करायच्या. समोरचा माणूस "अहो, जरा जास्तच होतंय" म्हणो, हसो, आतून नवऱ्याला बोलावून आणो, अक्का चष्मा काढून पदराने पुसत बसायच्या. काच स्वच्छ झाली तरी पुसायच्या. त्या गप्प बसण्याने भलेभले अस्वस्थ व्हायचे आणि काहीतरी बोलून जायचे, बहुतेक वेळा "ठीक आहे" असं. "आकडा सांगून झाला ना, मग तोंड उघडायचं नाही," असं त्या मला सांगत. "उघडलं की त्यातून सूटच बाहेर पडते."

चामराजपेटेत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा धंदा होता. घरं आणि ऑफिसं साफ करून द्यायची. त्यांच्याकडे दहाबारा बायका कामाला होत्या, सगळ्या कन्नड बोलणाऱ्या. अक्कांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळूरमध्ये होतं की मूळ गाव कोणतं, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांची मराठी जुनी होती आणि तिच्यात कन्नड मुरलेलं होतं. थोडं थांबायला सांगताना त्या "स्वल्प थांब" म्हणत, आणि एखादी गोष्ट पटली, नाही पटली, संपली, की "सरी."

आम्ही पुण्याचे. बाबांच्या बदलीमुळे मी शाळेत असताना इथे आलो आणि बनशंकरीला राहिलो. माझी शाळा इंग्रजी, मराठी फक्त आईशी. चार माणसांत मला बोलता येत नाही. कॉलेज संपल्यावर दिलेल्या मुलाखती सगळ्या याच कारणाने फसल्या. शेवटी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आईला अक्का भेटल्या, आणि फोनवर इंग्रजी बोलायला त्यांना एक मुलगी हवी आहे असं कळलं.

मी गेले. अक्कांनी पगाराचा आकडा सांगितला आणि चष्मा काढला. मला "चालेल" म्हणायचं होतं, पण शब्द ओठापर्यंत यायला मला वेळ लागतो. मी भिंतीकडे बघत बसले. चष्मा पुसून झाला. अक्कांनी पाचशे वाढवले. मला आता आणखीच बोलवेना. त्या थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघत राहिल्या आणि मग एकदम हसल्या. "अगं बोल की! माझंच औषध मलाच पाजतेस?"

"चालेल," मी म्हटलं.

"आता चालेल म्हणते. आईने शिकवून पाठवलं काय?"

मला फोनसाठी घेतलं होतं, पण फोनवर किंमत सांगायला परवानगी नव्हती. लोक विचारत, टू बीएचके आहे, किती घ्याल? ऑफिस इतके स्क्वेअर फूट आहे, रेट काय? मी सांगायचे, आम्ही येऊन बघतो. मग अक्का आणि मी रिक्षाने जायचो. पंख्याची पाती, खिडक्यांच्या खाचा, सिंकच्या खालची जागा, एवढं त्या चालता चालता बघून घेत. त्यासाठी त्या आलेल्या नसायच्याच. सोफ्यावर न बसता, दाराजवळच्या खुर्चीत टेकून त्या पाणी मागत आणि पाणी कशातून येतं ते बघत. घरच्या भांड्यांतून आलं तर एक आकडा. कामवाल्यांसाठी वेगळा ठेवलेला ग्लास खिडकीतून काढून आणला तर दुसरा. मग त्या अगदी साध्या आवाजात विचारत, "आमच्या बायकांना बाथरूमला जायचं झालं तर कुठे जायचं?"

या प्रश्नावर लोक गडबडत. राजाजीनगरच्या एका बाईंचं मला आठवतं. मोठा फ्लॅट, दोन बाथरूम, दोन्ही चकाचक. त्या म्हणाल्या, "खाली बेसमेंटला वॉचमनचं आहे की. सगळ्यांच्या बायका तिथेच जातात."

"सरी," अक्का म्हणाल्या आणि मनातल्या आकड्यात भर घालून किंमत सांगितली. त्या जादा रकमेला त्या जिन्याचे पैसे म्हणत. ते पैसे अक्का स्वतःकडे ठेवत नसत. जी बाई जिना उतरणार, तिच्या हातात ते जसेच्या तसे जायचे. राजाजीनगरच्या बाईंनी अर्थातच नकार दिला. रिक्षात अक्का म्हणाल्या, "तोंड पाडू नको. हे काम मला नकोच होतं. आपण कशाला नाही म्हणायचं? आकडा म्हणतो."

मला ते फार आवडलं होतं. ज्या मुलीला कुणालाही नाही म्हणता येत नाही, तिला ही युक्ती किती मोठी वाटली असेल, ते सांगायला नको.

पण अक्का थकत चालल्या होत्या. परतताना रिक्षात चपला काढून त्या पाय एकमेकांवर चोळत बसत. मोबाइलच्या अॅपवर लोकांना अर्ध्या किमतीत साफसफाई मिळत होती आणि बघायला बोलावून शेवटी "कळवतो" म्हणणारी घरं वाढली होती. "झाडूने कोणी दमत नाही गं," त्या म्हणायच्या. "दिवसभर दारोदार किंमत सांगत फिरल्याने दमायला होतं." घरी आल्या की पुढच्याच खोलीत पंख्याखाली आडव्या व्हायच्या. मी हळूच दार लोटून घ्यायचे.

अशात एका सॉफ्टवेअर कंपनीचा फोन आला. आठव्या मजल्यावरचं मोठं ऑफिस, रोजचं काम, वर्षाचा करार. तिथला व्यवस्था बघणारा मुलगा पुण्याचाच निघाला. मराठी ऐकून तो इतका खूश झाला की त्याने आम्हाला काचेच्या खोलीत बसवून कॉफी मागवली, सगळ्यांना देतात त्याच कपांतून. अक्कांनी कप बघितला. मग आपला प्रश्न विचारला.

"काकू, आमचं कसंय," तो म्हणाला, "फ्लोअरवरचं वॉशरूम एम्प्लॉईजसाठी असतं. व्हेंडर स्टाफचं बेसमेंटला आहे. सर्व्हिस लिफ्ट आहे ना, प्रॉब्लेम नाही."

अक्कांनी जिन्याचे पैसे धरून आकडा सांगितला. आठ मजले होते, तेव्हा जिनाही चांगला घसघशीत धरला होता. त्यांनी चष्मा काढला. पदर काचेला लागतो न लागतो तोच तो मुलगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "डन."

चष्मा तसाच हातात राहिला. अक्कांच्या आकड्याने नाही म्हटलं होतं आणि समोरच्याने ते ऐकलंच नव्हतं. तोंडातून गेलेला आकडा मागे घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. खाली येताना लिफ्टमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे देतो म्हणाला."

बायकांना आनंद झाला. त्यांतली सगळ्यांत जुनी मंजुळा. तिची मुलगी नर्सिंगला होती आणि जिन्याचे पैसे जवळजवळ तिच्या फीइतकेच होत होते. मंजुळाने लगेच त्या ऑफिसात आपलं नाव घातलं. "आठ मजले काय, सोळा असले तरी जाते," असं ती म्हणाली. कन्नडमध्ये ते जास्त ऐटीत वाटलं होतं.

सर्व्हिस लिफ्ट मात्र सतत कुठेतरी सामान चढवत असायची. खाली जाऊन वर यायला इतका वेळ लागायचा की ऑफिसचा सुपरवायझर खुणेनेच घड्याळ दाखवायचा. बायकांनी यावर बायका काढतात तोच उपाय काढला. त्या पाणी प्यायच्या बंद झाल्या. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या येत आणि भरलेल्या परत जात. कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रारीचे पैसे आधीच मिळत होते.

उन्हाळ्यात मंजुळाला ताप भरला. पोटात कळा, लघवीला आग. डॉक्टरांनी किडनीला सूज आहे म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर तिच्यावर ओरडत होते, "पाणी का पीत नाहीस? घरात पाणी नाही काय?" मंजुळा अक्कांकडे बघत होती. डॉक्टर गेल्यावर तिने अक्कांचा हात धरला.

"अक्का, ते काम सोडू नका. मला जिना पाहिजे."

"मरशील."

"मरत नाही. फीचे दोनच हप्ते राहिलेत."

अक्कांनी हात सोडवून घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन त्या ऑफिसात गेल्या. त्या ठेवणीतली इरकल नेसल्या होत्या. दिलेला शब्द परत घ्यायला जायचं तर नीटनेटकं जायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. जाताना रिक्षात काय बोलायचं ते त्या पुटपुटत होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्या माझ्यासारख्या वाटल्या.

काचेच्या खोलीत त्यांनी सगळं सांगितलं. लिफ्ट, जिन्याचे पैसे, पाणी, मंजुळा. हे काम आम्हाला जमणार नाही, करार मोडल्याचं जे काही भरावं लागेल ते मी भरते. मुलाने या वेळी लॅपटॉप मिटला. त्याचा चेहरा खरोखरच पडला होता.

"काकू, पण तुम्ही बोलला का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"तुम्ही कुठे जायचं ते विचारलंत, मी सांगितलं. इथलं वापरू द्या असं कुठे म्हणालात? मला वाटलं, तुमचा रेटच तेवढा आहे. करार राहू द्या. मी वर विचारून बघतो."

त्याने विचारलं. त्याच आठवड्यात मेल आली. इंग्रजीत एकच ओळ होती: आजपासून सफाई कर्मचाऱ्यांनी मजल्यावरचं वॉशरूम वापरायला हरकत नाही. मी ती अक्कांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

"एवढंच?"

"एवढंच आहे, अक्का."

त्या शनिवारी ऑफिस बंद असताना त्या मला घेऊन मुद्दाम आठव्या मजल्यावर आल्या. एकट्याच वॉशरूममध्ये गेल्या. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हात ओले होते. हात पुसायचा कागद होता, तरी त्या पदराला पुसत राहिल्या. "इतकी वर्षं मी किंमतच सांगत राहिले," असं म्हणून त्या लिफ्टकडे निघाल्या. मी मागोमाग गेले.

जिना गेला, तसे जिन्याचे पैसेही गेले. त्या मुलाने ते अदबीने बिलातून काढायला सांगितले, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मंजुळा दवाखान्यातून आली ती थेट पुढच्या खोलीत.

"कुणी सांगितलं होतं विचारायला? बाथरूम मी चाटू? पोरीच्या कॉलेजात बाथरूम घेतात फी म्हणून?"

"मंजुळा, बस. स्वल्प पाणी पी."

"पिते! आता पाणीच पिते! तुम्ही विचारलंत ना, तुम्हीच भरा फी."

अक्कांनी भरली. दोन्ही हप्ते. मंजुळाने ते घेतले आणि रुसवा मात्र पुढे कितीतरी दिवस टिकवला.

त्यानंतर अक्का घरं बघायला यायच्या, पण पहिलाच प्रश्न सरळ असायचा: आमच्या बायकांना तुमचं बाथरूम वापरू द्याल का? नाही म्हणणारे होतेच. पण हो म्हणणारे आम्हाला वाटलं होतं त्याहून पुष्कळ निघाले. काही जण तर चकित होऊन म्हणत, "म्हणजे काय, हे विचारायचं असतं?" अशा प्रत्येक होकारानंतर अक्का जास्तच थकलेल्या दिसत. परतीच्या वाटेवर त्या जुन्या घरांची नावं घेत. ती बसवनगुडीची, ती जयनगरची. "हो म्हणाली असती काय गं?" एकदा तर एका घरात त्या आकडा सांगायचाच विसरल्या आणि नमस्कार करून उठल्या. तो मी सांगितला. माझा आवाज मलाच ऐकू आला.

वर्ष संपलं तेव्हा त्या ऑफिसाने करार दुसऱ्या एजन्सीला दिला. त्यांचा दर आमच्यापेक्षा बराच कमी होता. बायकाही हळूहळू तिकडे गेल्या, मंजुळाही. अक्कांनी कुणाला थांबवलं नाही. गुडघे साथ देत नाहीत असं सांगून त्यांनी पुढची खोली रिकामी केली आणि आपल्या मुलाकडे हुबळीला राहायला गेल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात बसच्या खिडकीतून एक शेवंतीची वेणी दिली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस सुटली.

मला आता एका बँकेत नोकरी आहे. गेल्या महिन्यात बसस्टॉपवर मंजुळा भेटली. मुलगी नर्स झाली, तरी ही अजून त्याच आठव्या मजल्यावर आहे. मी वॉशरूमचं विचारलं. ती म्हणाली, अजून तिथेच जातो, कोण अडवतो? नव्या पोरी आल्या आहेत, त्यांना तर वाटतं ते पहिल्यापासून तसंच आहे.

घरी येऊन मी अक्कांना फोन केला. फोन करणं मला अजून जड जातं, पण केला. जे ऐकलं ते सगळं सांगितलं.

"दर काय देतात?" त्यांनी विचारलं.

"कमी देतात, अक्का. आपल्यापेक्षा खूप कमी."

पलीकडे नातवंडांचा गलका चालू होता. त्यात त्यांचा आवाज अगदी बारीक आला.

"पण पाणी पितात ना पोरी?"

"पितात."

"सरी," अक्का म्हणाल्या, "ठेव मग."