जरा लांबच ठेव

मामांच्या दुकानात आलेल्या माणसाला केसांवाचून बोलताच येत नसे. कुणाच्या भावाने त्याचा केसाने गळा कापलेला असे, तर कुणी आपल्या पोराच्या केसालाही धक्का लागू देणार नाही म्हणून छाती ठोकत असे. माणसं सगळा भार केसांवर टाकतात आणि जाताना तेच मला झाडायला ठेवून जातात, असं मामा म्हणायचे. मग खरोखरच केरसुणी घ्यायचे.

दुसऱ्यांची डोकी सुधारणाऱ्याला स्वतःचे केस काही कापता येत नाहीत. मामांचे केस त्यांची लेक कापायची, सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून. मामांच्या डोक्यावर दोन भोवरे. दुसऱ्या कुणी हात लावला की मागे तुरा उभा राहायचा. लेकीला ते भोवरे पाठ होते, आणि हात इतका हलका की मामा खुर्चीतच पेंगायचे.

एके दिवशी तिने दुकानातली दुसरी खुर्ची मागितली. पोरीपुढे डोकं द्यायला कोण बसणार, असं मामा बोलून गेले. तिने वाद घातला नाही. लांबच्या शहरात एका मोठ्या सलूनमध्ये कामाला लागली. बायको मामांना एवढंच म्हणाली, की हे केस मग उन्हानेच पांढरे झाले म्हणायचे.

त्यानंतर मामांनी स्वतःचे केस कुणाकडून कापून घेतलेच नाहीत. कानांवर आले, कॉलरवर आले. तुम्हाला बघून गिऱ्हाईक दारातून परत जाईल, असं शेजारचा शिंपी चिडवायचा. मामा म्हणायचे, वेळच मिळत नाही. खरं तर त्यांना डोक्यावर दुसरा हात नको होता. मानेवर तिचा गार कंगवा टेकायचा, तिथेच तिची आठवण यायची. फोनवर जेवणखाण, तब्येत सगळं विचारून व्हायचं. कधी येतेस, हे मात्र ओठांवर येऊन परत जायचं.

आणि एका दुपारी ती दारात उभी. रजा थोडीच आहे, तिकडे आता माझी स्वतःची खुर्ची आहे, असं तिने आल्या आल्याच सांगितलं. मग बापाचं डोकं बघून हसली. संध्याकाळी शटर ओढलं की कापते, म्हणाली.

दुकान भरलेलं होतं. मामांनी हातातलं गिऱ्हाईक संपवलं, दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रांची रास उचलली आणि स्वतः तिथे बसले.

"आत्ताच काप. सगळ्यांसमोर."

तिने चादर बांधली, पाणी मारलं. कात्री चालू लागली तसा बाकावरचा शिंपी म्हणाला, यानंतर माझा नंबर. मामांचे डोळे भरून आले.

"तेव्हा चुकलंच माझं, बाळ."

"मान खाली घ्या, बाबा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने मशीन उचललं. नेहमीसारखे बारीकच करते, म्हणाली, म्हणजे पुष्कळ दिवस परत कापायला नकोत. मामांनी चादरीतून हात काढून तिचं मनगट धरलं.

"नको. जरा लांबच ठेव. लवकर वाढतील."

ती आरशात त्यांच्याकडे बघत राहिली. मग मशीन खणात ठेवलं आणि कात्रीने अगदी थोडे थोडे कापू लागली.