इटलीतलं टाकं, पूर्णेकाठचं मीठ

माझ्या सख्ख्या मामावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगतो: धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेकाठच्या आमच्या गावात, अख्ख्या गावासमोर. नव्या टाक्यातली पहिली बादली वर आली. सरपंचांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. पाणी खारट होतं. टाक्याच्या कामावरच्या सरकारी ओव्हरसियरनं मामाकडे बोट केलं. "कल्पना याची होती," म्हणाला.

कल्पना मामाचीच होती. मीठ त्याचं नव्हतं.

आमचा मुलूख खारपाणाचा. विहीर कितीही खोल न्या, खाली खारंच लागतं. मामा दगडकाम करणारा गवंडी. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीला जाऊन आलेला. तिथे एक हिवाळा त्याची तुकडी डोंगरमाथ्यावरच्या एका गावात राहिली. गावाचं नाव त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही, पण गाव दगडन् दगड पाठ. आजही फरशीवर कोळशानं काढून दाखवतो.

"तट येगळा नाहीच, बापू. कडंच्या घरायच्या पाठी, तोच तट. खिडक्या वरतं, अन् त्याही बारक्या."

गल्ल्या इतक्या अरुंद, की खोगीर घातलेलं खेचर आलं तर माणसानं उंबऱ्यावर चढायचं. वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमानी, म्हणजे एक घर कललं तर समोरचं त्याला धरतं. वेशीतून आत शिरताच वाट काटकोनात मोडते. घोडेस्वाराला मुसंडी मारता येऊ नये म्हणून. खालच्या गावांशी त्यांचं पिढ्यान्पिढ्या वैर. वेढा पडला की ओढ्यावर पाण्याला जाणार कोण? म्हणून चौकाच्या पोटात आधी टाकं खोदलं आणि देऊळ मागाहून बांधलं, असं तिथल्या म्हाताऱ्या गवंड्यानं मामाला खुणांनी सांगितलं. प्रत्येक कौलारू छपराचं पाणी दगडी पन्हळीतून त्या टाक्यात उतरायचं. तोफगोळ्यानं एक पन्हळ फोडली होती, ती या दोघांनी मिळून बसवली. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. ओळंबा दोघांना कळत होता.

परत आल्यावर मामानं वर्षानुवर्षं गावाच्या मागे लागून शाळेसमोर तसंच टाकं बांधायला लावलं. घडीव दगड त्यानं बसवले, चुना त्यानं मळला. मग म्हणाला, फक्त शाळेचं टिनाचं छप्पर जोडा. ओव्हरसियरला टाकं एका पावसात भरून दाखवायचं होतं. त्यानं भोवतालच्या घरांचे धाबे, म्हणजे मातीची सपाट छपरंही जोडायला सांगितली.

आता, आमच्याकडे धाब्यावर दर उन्हाळ्यात खारी माती पसरतात. ती भिजली की गच्च बसते, घर गळत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"सायेब, धाबे नका जोडू. माती खारी हाय. टाक्यात मीठ उतरन."

"गवंडी आहेस ना? थापी चालव."

बाकी कुणी का बोललं नाही? तर आपल्या घरावरचं पाणी अख्खं गाव पिणार, हा मान कुणाला सोडवेना! पाटलाचा धाबा जोडला म्हणून त्याच्या भावानं आपलाही जोडून घेतला. बौद्धवाड्यातला एकही धाबा जोडला नव्हता. म्हणजे त्या टाक्यात आमचं मीठ चिमूटभरसुद्धा नव्हतं. खापर मात्र आमच्या माणसावर.

"काहून गा, तुह्या इटलीत वरण आयनी, बिनमिठाचंच करत असतीन नं? पान्यातच मीठ!" चावडीवर कुणीतरी म्हटलं आणि सगळे हसले. पुढे कामालाही कुणी बोलावीना. मामी आधीच वारली होती. मामा थापी-ओळंबा घेऊन बडनेऱ्याला रेल्वेच्या कामावर गेला.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होतो. मोर्चे काढत होतो, पत्रकं छापत होतो. एका दुपारी मामा होस्टेलवर आला आणि खाटेच्या कडेला बसला.

"बापू, तू पत्रकं छापून राहिला ना? एक माह्यासाठी छाप. धाब्यायच्या पन्हळी तोडा, शाळेचे टिन जोडा. येवढंच लिव."

"मामाजी, सध्या मोर्चाची घाई आहे. पुढच्या महिन्यात बघू."

"बरं," म्हणाला. तांब्याभर पाणी प्याला आणि गेला. त्यानंतर त्यानं मला कधीच विचारलं नाही.

साऱ्या जगाच्या अन्यायावर मी लिहिलं, आणि खाटेवर येऊन बसलेल्या अन्यायाला पुढचा महिना दिला. माझी लाज मी झाकत नाही.

आता रविवारी बडनेऱ्याला त्याच्या खोलीवर जातो. एक ताट, एक पेला. दुसरा पेला मीच नेऊन ठेवला. बोलणं लवकर संपतं. मग तो कोळसा घेतो. वेस काढतो, मोडलेली वाट काढतो, चौक काढतो, आणि टाक्यापाशी येऊन थांबतो. गावी चल म्हटलं तर म्हणतो, "कोन वाट पायते तिथं?" फरशी मीच पुसतो.

हे ते पत्रक. उशिरा छापलंय, पण शब्द त्याचेच आहेत. गावकऱ्यांनो, टाकं अजून जागेवर आहे, त्याचा एक दगडही हललेला नाही. येत्या पावसाआधी धाब्यांच्या पन्हळी तोडा. टाकं उपसून धुवा. शाळेचे टिन जोडा. आणि पहिली बादली वर यायच्या आधी बडनेऱ्याला या, त्याच्या दारात उभे राहा, आणि ज्या तोंडांनी हसलात त्याच तोंडांनी त्याला म्हणा: चला.