तेलाला थांबायला जागा

आमच्या घरी खंडेनवमीला पूजेत नट आवळायचे दोन पाने, एक पक्कड, एक हातोडी आणि एक कानस असायची. बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात हेल्पर होते. कारखाना बंद पडला, तरी स्वतःची हत्यारं त्यांनी विकली नाहीत. आदल्या दिवशी ती रॉकेलनं पुसून, पॉलिश पेपरनं घासून चमकवायचं काम माझं. "तोंड दिसायला पाहिजे त्यात," बाबा म्हणायचे. कानशीत काही केल्या तोंड दिसेना, म्हणून एकदा मी तिचे दातच घासायला बसले. बाबांनी ती हातातून ओढून घेतली. "अगं, दात गेले तर ती खाईल कशानं?" सगळे हसले. मीही हसले आणि विसरून गेले.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मेकॅनिकल. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. कळव्याच्या आमच्या चाळीत तेव्हा पेढे वाटलेले, आणि ज्यांनी 'पोरीला कशाला एवढं' म्हटलं होतं त्यांना आईनं मुद्दाम दोन-दोन दिले. त्यानंतर मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका प्रेसशॉपमध्ये लागले. तिथं पंपाला लागणाऱ्या स्टीलच्या वाट्या बनतात.

वाटी बनते ती अशी. पत्र्याची गोल चकती डायवर, म्हणजे मधे भोक असलेल्या पोलादी साच्यावर ठेवायची. वरून एक जाड रिंग तिला कडेनं दाबून धरते आणि मधून पंचाचा दांडा खाली येऊन तिची वाटी ओढतो. रिंगनं पत्रा धरायचा असतो, पण सरकूही द्यायचा असतो. धरला नाही तर सुरकुत्या पडतात, सरकू दिला नाही तर वाटी बुडाशी फाटते. या धरण्या-सोडण्याच्या मध्ये जे काही असतं ते तेल.

तेल लावायचं काम मावशींचं. त्या ठाकुर्लीहून यायच्या, मी कॉलेजात जायच्याही आधीपासून याच प्रेसवर होत्या. एका हातात चकती, दुसऱ्यात जुन्या लुगड्याचा फडका. एक फिरकी वरून, एक खालून. प्रेस चालवणारे दादा म्हणायचे, "मावशी पत्र्याला तेल लावत नाहीत, न्हाऊ घालतात." मावशी म्हणायच्या, "तुला कोणी घातलं असतं तर असा खरखरीत राहिला नसतास."

माझ्या पहिल्या वर्षीची खंडेनवमी आली. दुपारी मशिनी बंद झाल्या, सगळे पुसायला लागले. दादांनी रिंग आणि डाय सोडवून टेबलावर ठेवली होती. दोन्हींच्या तोंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या, राखाडी, दमलेल्या. मला ती झीज वाटली. घाण वाटली, खरं सांगायचं तर.

"पुसून तेल लावून ठेवा मॅडम, बास," दादा म्हणाले.

"पूजेला असं ठेवायचं?" मी म्हटलं आणि दोन्ही घेऊन बफिंगच्या चाकाकडे गेले. पेस्ट लावून तासभर घासलं. शेवटी रिंगमध्ये मला माझं तोंड दिसलं, कपाळावरच्या टिकलीसकट. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, आधीचा आणि नंतरचा. बाबांनी फक्त अंगठा पाठवला. ते एवढंच पाठवतात, पण मला पुरलं. झेंडूचा हार, कुंकू, नारळ. शेठ म्हणाले, "याला म्हणतात शिकलेल्याचा हात."

दसऱ्यानंतर प्रेस सुरू झाली. तिसरी वाटी फाटली. मग सातवी. मग लागोपाठ चार. ज्या फाटत नव्हत्या त्यांच्या अंगावर उभे ओरखडे. शेठ केबिनमधून खाली आले, फाटकी वाटी उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळे बघत होते. शिकलेला हात काय म्हणतो, असं ते बघणं होतं.

मी म्हटलं, "तेल कमी पडतंय बहुतेक."

पुस्तकात फाटण्याच्या कारणांत पहिलं तेच असतं. मी चकतीवर बोटही फिरवून पाहिलं नव्हतं.

"जेवढं रोज लावते तेवढंच लावलंय," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता हात थकला तुमचा," शेठ म्हणाले. "उद्यापासून पॅकिंगला बसा."

आमच्याकडे पॅकिंगच्या टेबलाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. म्हातारं माणूस तिथं बसवायचे आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला 'गरज लागली की बोलावतो' म्हणायचे. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मावशींनी फडका झटकला, त्याची घडी घातली आणि कमरेला खोचून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी तेलाला नवीन मुलगी बसवली. मी तिला सांगितलं, दुप्पट लाव. तिनं लावलं, तेल ओघळून जमिनीवर आलं, दादांची चप्पल घसरली. वाट्या फाटतच होत्या. मी जाड तेल मागवलं. रिंगचा दाब कमी केला, तर फाटायच्या कमी झाल्या पण सुरकुत्या यायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी वही भरली आणि डोकं रिकामं झालं.

डबा घेऊन मी पॅकिंगच्या टेबलाकडे गेले. मावशी भाकरी खात होत्या.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी पॅकिंगला."

मी उभीच राहिले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, खाल्ला. मग म्हणाल्या, "पूर्वी रिंग उचलली की खाली ओलं दिसायचं. मधे, सगळीकडे. आता मधे कोरडं ठण्ण आणि तेल सगळं कडेला. दसऱ्यापासून. तुला दिसलं नाही?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"विचारलंस?"

मी डबा टेबलावर ठेवला. त्याच पुढे म्हणाल्या, "माझी आई दारोदार पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. छिन्नीनं खाचा पाडायला लागतात त्याला. तू रिंगची टाकी पुसून टाकलीस, मॅडम."

पाट्याचं काम वेगळं, रिंगचं वेगळं. हे मला तेव्हाही कळत होतं. पाट्याला पकड हवी असते, रिंगला निसटणं. पण मी फोनमध्ये तो आधीचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. त्या रेघा झीज नव्हत्या. दादा दर महिन्याला बारीक दगडानं आडवं-उभं घासायचे, ती मला साफसफाई वाटायची; रेघा त्यांनी मुद्दाम पाडलेल्या होत्या. आमचा पत्रा आधीच आरशासारखा. त्यावर दाबणारी रिंगही आरशासारखी केली, तर दाब पडल्यावर तेलानं लपायचं कुठं? त्या रेघांच्या खोबणीतच ते थांबायचं, आणि पत्रा सरकेल तसं थोडं थोडं बाहेर यायचं. मी खोबणीच बुजवून टाकली होती. कानशीचे दात घासायला बसलेली मी, फक्त या वेळी हातातून ओढून घ्यायला कोणी नव्हतं. खरं तर होते. दादा 'बास' म्हणाले होते.

दादांना दाखवलं. त्यांनी दगड काढला. अर्ध्या तासात रिंग आणि डाय पुन्हा राखाडी झाली. पहिली वाटी अखंड निघाली. दहावीही. विसावीही.

चहाच्या वेळी शेठ आले. "जमलं? काय होतं?"

मी म्हटलं, "रिंगच्या सरफेसचा प्रॉब्लेम होता."

खोटं नव्हतं हे. शेठ मान डोलावून वळलेही. पॅकिंगच्या टेबलावर मावशी खोक्याला टेप लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, टेप ओढायच्या फक्त थांबल्या. मला आईनं दोन-दोन पेढे दिलेल्या बायका आठवल्या. उद्या त्यांच्या कानावर हे गेलं तर, असाही विचार आला. येतो माणसाला.

"शेठ," मी जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण तेल कमी पडतंय हेही मी मोठ्यानंच म्हटलं होतं. "रिंग मी घासली होती, पूजेसाठी. त्यानं तेल थांबेनासं झालं. मावशींचं तेल बरोबर होतं. चूक माझी, आणि नाव मी त्यांचं घेतलं."

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. शेठनी चहा संपवला. "मग आता त्यांना तिथं कशाला बसवलंय?" एवढं म्हणून वर गेले, जणू बसवणारा दुसराच कोणी होता.

मावशी उठल्या. येताना माझ्याकडे न बघता प्रेसपाशी गेल्या, नव्या मुलीचा ब्रश उचलून बाजूला ठेवला, कमरेचा फडका काढला. पहिली चकती घेतली, एक फिरकी वरून, एक खालून.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "पुढच्या खंडेनवमीला माझ्या फडक्याला साबण लावू नकोस म्हणजे झालं."