बटण दाबल्यापासून

माझ्या धाकट्या जावेबद्दल वाईट बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. पंधरा वर्षं शोधते आहे.

ती लिफ्ट तपासनीस आहे. उंच इमारतींच्या लिफ्टचे दोर झिजलेत का, ब्रेक नीट धरतो का, दार बोटं चिमटतं का, हे सगळं बघून ती सही करते. त्या सहीशिवाय लिफ्ट चालवता येत नाही. बुटकी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, गळ्यात स्टॉपवॉच आणि नखांत कायमचं ग्रीस. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिचा तो काळा हात हातात घेऊन कौतुकाने उलटसुलट करून बघितला होता. मी भूलतज्ज्ञ आहे, दिवसातून वीस वेळा हात धुते. माझा हात कुणी कधी असा बघितला नाही. ही गोष्ट मी विसरलेले नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पैशाचं म्हणाल तर रडगाणं गाण्यासारखं काही नव्हतं. माझा नवरा वकील, दीर औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आम्ही दोघी जावा कमावत्या. दोन्ही घरांत पगार घसघशीत. शहराच्या मधोमध राहायचं की बाहेर बंगला घ्यायचा, हे आपलं आपण ठरवायचं. ज्याला परवडत नाही त्याला निदान सांगायला कारण असतं. आम्हाला दोन्ही परवडत होतं, त्यामुळे जे निवडू त्याचा दोष आपल्याच माथी.

सहा वर्षांपूर्वी धाकटीने शहर सोडलं. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. मी मात्र मनातून खूश होते, की बरं झालं, आता कळेल हिला रोजचं जाणं-येणं काय असतं. ती म्हणाली, "दिवसभर बटणं दाबते हो वहिनी. घरी जाताना तरी दाबायला नको." तिने घेतलेलं घर एकमजली. स्वयंपाकघराचं दार उघडलं की थेट अंगणात पाय. मागे एक मोठं झाड आणि त्याला लिफ्टच्या काढून टाकलेल्या दोराचा झोपाळा. "लिफ्टला नापास, झोपाळ्याला पहिल्या वर्गात पास," असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची आणि येणारा प्रत्येक जण हसायचा. माझा नवराही. आमच्या चौदाव्या मजल्यावर तो असा शेवटचा कधी हसला होता, ते मला आठवत नाही.

आमचा फ्लॅट शहराच्या अगदी मधोमध. तो मी निवडला होता, आणि निवडला तो घड्याळ बघून. माझ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांच्या दोन याद्या आहेत. एक ठरलेल्या ऑपरेशनांची, दुसरी तातडीची. तातडीच्या यादीवर नाव हवं असेल तर फोन आल्यापासून वीस मिनिटांत टेबलापाशी पोचावं लागतं. ठरलेल्या ऑपरेशनांना मी चांगली आहे. तातडीच्या ऑपरेशनांना मी फार चांगली आहे. आईचा रक्तदाब कोसळतोय, बाळ आत अडकलंय, सगळे ओरडतायत, अशा वेळी माझं डोकं बर्फासारखं थंड होतं. घरी ते तसं कधी होत नाही, हा भाग वेगळा.

शनिवार-रविवार आम्ही धाकटीकडे जायचो. निघताना ती दर वेळी म्हणायची, "राहा ना आजच्या दिवस." मी म्हणायचे, "कॉल आहे गं." पुष्कळदा कॉल नसायचाच. पण रात्री तिच्या घरात पडून तिचं सुख कान देऊन ऐकायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं. लेक आणि नवरा राहायचे, मी एकटी परत यायचे.

एकदा तिच्या न्हाणीघरात हात धुताना मला माझ्या लेकीचा दात घासायचा ब्रश दिसला. हिरवा, दांड्यावर बेडूक असलेला. त्याचे केस झिजून चहूकडे फिसकारलेले. लेकीचा घरचा ब्रश मला डोळ्यांसमोर आला. तो अजून नव्यासारखा ताठ होता. नऊ वर्षांची माझी मुलगी दात कुठे जास्त वेळा घासत होती, हे सांगायला आणखी पुरावा नको होता. मी नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिले.

आणि नेमकं त्याच महिन्यात धाकटीच्या शेजारचं घर विकायला निघालं.

शेजारचे आजी-आजोबा मुलाकडे राहायला चालले होते. त्यांनी धाकटीला आधी विचारलं, धाकटीने आम्हाला. उत्तर पुढच्या रविवारपर्यंत द्यायचं होतं. लेकीने आत जाऊन आपली खोलीसुद्धा ठरवली. नवरा कुंपणाच्या आरपार हात घालून बघत होता, की झोपाळ्यापर्यंत पोचतो का. वकील माणूस, पण बाजू मांडायला त्याला शब्द लागले नाहीत.

मला ते घर हवं होतं. खोटं कशाला बोलू, हवं होतं ते तिच्याजवळ आहे म्हणूनच. माझी मुलगी माझ्या अंगणातून तिच्या अंगणात जाईल, तिच्या अंगणातून माझ्या अंगणात येईल, आणि निदान येईल तरी. आड येत होती ती फक्त वीस मिनिटं.

मग मी वेळ मोजायला लागले. कामावरून सुटले की गाडी घेऊन धाकटीच्या गल्लीच्या तोंडाशी जायचं, फोनवरचं घड्याळ सुरू करायचं आणि हॉस्पिटलकडे सुटायचं. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली, दुसऱ्या दिवशी साडेतेवीस. मग मालवाहू गाड्यांचा एक आडरस्ता सापडला आणि बावीसवर आले. भूल देताना थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारी मी, पिवळ्या दिव्यावर गाडी पळवायला लागले.

शनिवारी आम्ही सगळे पुन्हा ते घर बघायला गेलो. नवरा आणि लेक तिथेच थांबणार होते. धाकटीची गाडी गॅरेजला होती आणि तिला शहरात एक तपासणी होती, म्हणून ती माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, उत्तमच झालं, साक्षीदार मिळाला. किल्ली फिरवली, घड्याळ सुरू केलं आणि निघाले. एका वळणावर तिने दाराची कडी घट्ट धरली.

हॉस्पिटलच्या फाटकाशी मी घड्याळ थांबवलं. "एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद! बसतंय की नाही?"

ती मांडीवरचं हेल्मेट फिरवत राहिली. "वहिनी, रागावणार नसाल तर एक बोलू?"

असं विचारणाऱ्याचा मला तो बोलायच्या आधीच राग येतो. "बोल."

"तुम्ही गाडी सुरू केल्यापासून मोजलंत."

"मग कधीपासून मोजायचं?"

"आम्ही बटण दाबल्यापासून मोजतो. लिफ्ट किती जोरात चढते याच्याशी माणसाला काय करायचंय? तो बटण दाबून उभा असतो, वाट बघत. तुमचा फोन वाजतो तेव्हा इकडे टेबलावर कुणीतरी असतंच ना?"

ती एकेक बोट दुमडत सांगायला लागली. चपला, किल्ली, फाटक उघडा, फाटक लावा. इथे गाडी लावायला जागा शोधा, मग तिसरा मजला, मग कपडे बदलायचे. "सव्वीस होतात, वहिनी. आज शनिवार म्हणून सव्वीस."

तिचं खरं होतं, आणि म्हणूनच माझा भडका उडाला. "मी शेजारी नकोय तुला, असं सरळ सांग ना! माझी मुलगी तुझ्याकडे, माझा नवरा तुझ्या अंगणात, सगळ्यांना तूच हवी. आता मी एक तेवढी कुंपणापलीकडे आले तर तुझं काय जाणार होतं?"

माझा आवाज इतका चढला की फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. धाकटीचे डोळे भरले, पण आवाज सरळ होता.

"तुम्ही मला नको कशा असाल? पण यादीतून नाव काढावं लागलं ना, तर तुम्ही मला जन्मात माफ करणार नाही. आणि तुमच्या आत्ताच्या घरून चौदा लागतात. फोनपासून टेबलापर्यंत. मी मोजलंय."

"तू कधी मोजलंस?"

"तुमची लिफ्ट माझ्याकडे आहे. तो विभाग कधीच माझ्याकडून गेला, पण ती एक इमारत मी मागून ठेवून घेतली. गर्दीच्या वेळी लिफ्ट यायला अडीच मिनिटं लागायची. कमिटीच्या मागे लागून लागून एक पन्नासवर आणली. दरवर्षी दादांना तुमची ड्युटी विचारते आणि तुम्ही ऑपरेशनला असाल त्याच सकाळी लिफ्ट बंद ठेवते. तुम्हाला फोन आला आणि चौदा मजले पायी उतरावं लागलं, असं व्हायला नको म्हणून."

लिफ्टमध्ये काचेखाली एक कार्ड लावलेलं आहे. त्यावर कोंबडीने पाय ओढावेत तशी एक सही. सहा वर्षं मी ती सही बघत खाली उतरत होते आणि उतरता उतरता धाकटीवर जळत होते.

एखाद्या चांगल्या बाईने अशा वेळी तिला जवळ घेतलं असतं. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. हेही हिनेच केलं. जळायलासुद्धा मला हिने धड जागा ठेवली नाही.

उतरताना ती म्हणाली, "एक सांगू का? तुमचा फोन वाजला आणि तुम्ही ताटावरून उठलात ना, की मला तुमचा फार हेवा वाटतो. मला आजवर कुणी 'लवकर या' म्हणालेलं नाही. मी जितकी उशिरा येईन तितकं लोकांना बरं." आणि हेल्मेट घालून चालायला लागली.

रविवारी मी नाही म्हणून सांगितलं. नवऱ्याने मान हलवली आणि पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण तासभर पान उलटलं नाही. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना फोन वाजला. मी चपला घातल्या, बटण दाबलं आणि मनात आकडे मोजत उभी राहिले. लिफ्ट यायला दीड मिनिटही लागलं नाही. टेबलापाशी पोचले तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. बाळ निळं होतं, मग गुलाबी झालं. त्या आईला माझा चेहरा आठवणार नाही, ते नेहमीचंच.

शेजारचं घर कुत्रं पाळणाऱ्या एका जोडप्याने घेतलं.

पुढच्या शुक्रवारी लेकीला धाकटीकडे सोडायला मी स्वतः गेले. पर्समध्ये नवा ब्रश होता. हिरवा, बेडूकवालाच. तो घेताना दुकानात माझ्या जिवावर आलं होतं, पण घेतला. न्हाणीघरात जाऊन झिजलेला ब्रश टाकला आणि नवा ठेवायला आरशामागचं कपाट उघडलं.

आत एका कोपऱ्यात न फोडलेलं एक पाकीट होतं. त्यात मोठ्या माणसाचा, मऊ केसांचा ब्रश. पाकिटावर धूळ बसली होती आणि कागदाची चिठ्ठी पिवळी पडली होती. चिठ्ठीवर त्याच कोंबडीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वहिनी'. खाली तारीख होती, तिने हे घर घेतलं त्या महिन्याची.

इथेही ती माझ्या आधी पोचली होती. मला तिचा राग आला, खरंच आला, आणि त्याच वेळी मला हुंदका आवरेना.

बाहेरून तिने नेहमीसारखी हाक मारली, "वहिनी, राहताय ना आजच्या दिवस?"

त्या रात्री मला कॉल नव्हता. मी पाकीट फोडलं.