बॅटरीचं पाणी

कासारवाडी स्टेशनातून बाहेर पडून कुणालाही विचारा, बरकत तांबोळ्याचं बॅटरीचं दुकान कुठंय. माणूस दुकान तर दाखवीलच, वर सांगेल, "पाणी पण त्याच्याकडचंच घ्या." पाणी म्हणजे बॅटरीत भरायचं, वाफ थंड करून पाडलेलं. बावीस वर्षं बरकत दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते स्वतः पाडत आलाय. बाजारात तयार कॅन मिळतात, पण त्यांचं नाव काढलेलं त्याला खपत नाही. पाणी झालं की काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकायचा, उन्हात वाळू द्यायचा, मग काच डोळ्यांसमोर धरायची. डाग दिसला की अख्खा कॅन गटारात. डाग नसला तर पाणी पास. माणूस तसा भांडखोर, हट्टी, पण पाण्याच्या बाबतीत एकदम चोख. आणि त्या मेल्या चोखपणानंच घात केला, दुसरं काय!

ज्योतीराम त्याचा गावाकडचा दोस्त. दोघं औशाचे, एका शाळेतले, एका बाकावरचे. ज्योतीराम चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर, अकरा वर्षं कंत्राटी. दर वर्षी साहेब म्हणायचे पुढच्या वर्षी बघू. यंदा एकदाची परमनंटची यादी निघाली आणि तिच्यात ज्योतीरामचं नाव लागलं. आता फक्त वीस तारखेची मेडिकल पास व्हायची. त्याच महिन्यात नेमका त्याचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. रहाटणीतल्या एका डॉक्टरनं तपासून सांगितलं, आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन करा आणि सहा महिने आराम. सहा महिने! कंत्राटी माणसाला सहा दिवस तरी कोण देतं हो?

मग गरजवंताला अक्कल नसते, तेच झालं. जिम चालवणाऱ्या निरंजननं त्याला एक इवलीशी बाटली दिली. रबरी बूच, तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. पेप्टाइड म्हणे. पैलवान घेतात, फाटलेलं सांधतं, पंधरा दिवसांत हात वर. फक्त इंजेक्शनचं पाणी मेडिकलमधून आणायचं, त्यात ती विरघळवायची आणि टोचायची. ज्योतीराम तीन दुकानं फिरला. तिन्हीकडे एकच प्रश्न, "डॉक्टरची चिठ्ठी?" चिठ्ठी मागायला डॉक्टरकडे जावं तर तो आधी ऑपरेशनच काढणार. अशा अवस्थेत तो बरकतच्या दुकानात येऊन बाकावर बसला आणि रडायला लागला. पन्नाशीला आलेला बाप्या, हुंदके देऊन रडला.

"अरे येड्या, पाण्यासाठी रडतोस?" बरकत म्हणाला. "पाणी तर माझ्या घरचं आहे."

"पर ते बॅटरीचं ना?"

"मग? माझ्या पाण्यानं बॅटरी चार-चार वर्षं मरत नाही. मेडिकलवाल्यांच्या बाटलीत काय असतं ते तुला ठाऊक आहे? माझ्या पाण्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. काही नाही. शून्य!"

जेवणाचा डबा घेऊन आलेली सादिका, बरकतची बायको, हे ऐकत उभी होती. ती म्हणाली, "अहो, बॅटरी आणि माणूस एक आहे का? कुठल्या नर्सला तरी विचारा." तर हा तिच्यावरच उखडला. बावीस वर्षं पाणी मी पाडतो का नर्स पाडते, म्हणे. त्यानं नवी काचेची बाटली घेतली, गरम पाण्यानं तीनदा धुतली, ताजं पाणी पाडलं, थेंब काचेवर टाकला. डागाचं नाव नाही. काच ज्योतीरामच्या तोंडापुढं धरून तो म्हणाला, "बघ, आणि आता बिनघोर टोच." खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. दोस्ताच्या उपयोगी पडलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पहिले सहा दिवस ज्योतीराम रोज फोन करायचा. आज बोटभर वर गेला, आज कानाला लागला. औषधाचा गुण होता की नुसती आशा होती, देव जाणे. सातव्या दिवशी फोन आला नाही. आठव्या दिवशी बरकतनं लावला तर म्हणाला, जरा सुजलंय, औषध काम करायलंय वाटतं. दंड लालभडक झालेला, अंगात ताप, आणि हा बाबा फुलबाहीचा शर्ट घालून ओव्हरटाइम करत होता. सुपरवायझरला कळलं तर यादीतून नाव जाईल ना!

अकराव्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा, स्वरूपाचा, फोन आला. "बरकतभाऊ, ते काहीबाही बडबडायलेत. मला वळखंनात. या लवकर."

दुकान उघडं टाकून बरकत धावला. रिक्षात घालून ज्योतीरामला कामगार विम्याच्या दवाखान्यात नेलं. दंडाला हात लावला की तो किंचाळायचा. शुद्धीवर आला तेव्हा त्यानं डॉक्टरला सांगितलं, प्रेसवर पत्रा लागला. तेच कागदावर चढलं. दोन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं चालली, पण ताप काही उतरेना. सूज कोपराच्या खाली आली. बरकत व्हरांड्यात बसून होता. माझंच पाणी, माझंच पाणी, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी बरकत आणि स्वरूपा खाटेच्या पायथ्याशी असताना मोठ्या डॉक्टरीण बाई आल्या. दंड उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "पत्र्याची जखम अशी नसते. कुणी काही टोचलंय का? खरं सांगा. कशातून काय आत गेलं ते कळलं तर त्यावरचं औषध देता येईल. उद्यापर्यंत असंच राहिलं तर हात काढावा लागेल."

"पत्राच," ज्योतीराम म्हणाला. बाई शेजारच्या खाटेकडं वळल्या तसं त्यानं बरकतला खूण करून जवळ बोलावलं. ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले. "बरकत, सांगू नको. इथला कागद कंपनीत जातो. टोचून घेत होता म्हणून लिहिलं की परमनंट गेलं. अकरा वर्षं, बरकत. पाया पडतो तुझ्या." त्यानं हात जोडायला डावा उचलला. उजवा काही आला नाही.

पुढं तो हळूच म्हणाला, "आणि अर्धी भुकटी अजून हाय. या खेपेला पाणी जरा जास्त उकळून दे."

या अल्लाह, याला अजून माझ्या पाण्यावर भरवसा आहे! बरकतला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. तो ओरडला नाही. सरळ बाईंपाशी गेला आणि सगळं सांगून टाकलं. जिम, भुकटी, वाफेचं पाणी, धुतलेली बाटली, काचेवरचा थेंब.

बाई म्हणाल्या, "चाचा, क्षार नसले की डाग पडत नाही. जंतू काचेवर दिसतात का कुठं? बॅटरीला जंतूंनी काय होणार?" मग त्यांनी पेन काढलं आणि कागदावर लिहायला लागल्या. ज्योतीराम ओरडत होता, "खोटं बोलतोय तो! मॅडम, लिहू नका!" स्वरूपा भिंतीला टेकून खाली बसली.

औषध बदललं. दुपारी दंड चिरून आतली घाण काढली. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाई म्हणाल्या, वेळेत कळलं म्हणून हात राहिला, नाहीतर गेला होता. बरकतनं तिथंच दोन्ही हात तोंडावरून फिरवले, डोळे पुसले आणि पळत वॉर्डात गेला. ज्योतीराम जागा होता. हाताला ही मोठी पट्टी.

"हात वाचला, ज्योत्या! हात वाचला!"

ज्योतीरामनं मान वळवली. "कागदावर लिहिलं का त्यांनी?"

"लिहिलं."

"कंपनीत गेला कागद?"

बरकत त्याच्या पायावरची चादर सारखी करायला लागला. सकाळीच कंपनीचा माणूस येऊन कागदाची नक्कल घेऊन गेला होता.

ज्योतीरामनं त्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाला, "मग हात वाचवून काय केलंस, बरकत?"